नामिबिया : वाळूखालचा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी एखादा प्रवासलेख द्यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. हातून उतरला आहे तो मात्र इतिहासाचा लेख. त्याचे कारण असे की, शासकीय कामानिमित्त नामिबियाची राजधानी विंडहुक येथे आठवडाभर राहण्याचा योग आला आणि काम आटोपल्यावर पाच दिवसांची रजा जोडून त्या देशाचा थोडा भाग पाहता आला. निघण्यापूर्वी हाती आलेल्या रंगीत पुस्तिकेत प्रेक्षणीय स्थळांची यादी होती. तांबड्या वाळूच्या टेकड्या, वाळूत बुडालेले हिऱ्यांचे गाव, जर्मन धाटणीचे समुद्रकाठचे नगर, वन्य पशूंचे अभयारण्य, पठारावरील विश्रामधाम, सारे काही तीत होते. प्रत्येक पानावर एक विशेषण मात्र हटकून भेटत होते, ते म्हणजे 'निर्मनुष्य'. त्या पाच दिवसांत जे पाहिले व परतल्यावर जे वाचले, त्यानंतर हा शब्द मला पूर्वीच्या सहजतेने वाचता येईनासा झाला.

शब्द वरवर पाहता खोटा नाही. नामिबियाचे क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून अधिक. आणि लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेनुसार अवघी तीस लाख. एकट्या पुणे शहराची वस्ती २०११ सालीच याहून जास्त होती. अटलांटिक महासागराच्या काठाने पसरलेले नामिब हे जगातील अतिप्राचीन वाळवंटांपैकी एक मानले जाते. समुद्रातून वाहणाऱ्या बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे तेथे पाऊस पडत नाही, धुके मात्र दाट येते, आणि त्या धुक्याच्या ओलाव्यावर कित्येक जीव व वनस्पती तग धरतात. वेल्विट्शिया नावाची वनस्पती तर आयुष्यभर दोनच पानांवर हजार वर्षे काढते. सोसुसव्लेई येथील वाळूच्या टेकड्या तीनशे मीटरपर्यंत उंच आहेत. जवळच्या डेडव्लेई या पांढऱ्या, कोरड्या तळात काळे पडलेले बाभळीच्या जातीचे वृक्ष उभे आहेत. ते सहासातशे वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य होते त्या सुमारास वाळले, आणि हवेत दमटपणाच नसल्याने अद्याप कुजलेले नाहीत. या सृष्टिवैभवाचे वर्णन करण्यास माझी लेखणी अपुरी आहे. छायाचित्रे पुष्कळ उपलब्ध आहेत, ती पाहावीत.

परंतु निसर्गाने विरळ केलेली वस्ती आणि माणसाने नाहीशी केलेली वस्ती यांत अंतर आहे. वायव्येकडील ट्वायफेलफोंटेन येथे खडकांवर कोरलेल्या दोन हजारांहून अधिक आकृती आहेत. २००७ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. जिराफ, गेंडे, पाणवठ्यांच्या खुणा आणि पंजांना बोटे असलेला एक सिंह तेथे कोरलेला आहे. त्या झऱ्याचे 'संशयाचा झरा' हे आजचे नाव विसाव्या शतकात एका गोऱ्या शेतकऱ्याने ठेवले. ज्यांनी सहस्रावधी वर्षे त्याचे पाणी पिऊन खडक कोरले, त्यांना त्याविषयी संशय नसावा.

युरोपीय माणूस या किनाऱ्यावर प्रथम उतरला तो आपल्याकडे येण्याच्या वाटेवर. पोर्तुगालचा दियोगो काँव याने १४८६ च्या सुमारास आज केप क्रॉस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूशिरावर दगडी क्रूस उभारला. पाठोपाठ बार्तोलोमेउ डियास आला. त्याच वाटेने पुढे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. गोमंतकाच्या इतिहासाचे पहिले पान असे या ओसाड किनाऱ्यावर पडलेले आहे. आज प्रवासी तेथे जातात ते सीलांचे प्रचंड कळप पाहावयास. मूळ क्रूस १८९३ मध्ये जर्मनांनी उचलून नेला; तो परत करण्याचा निर्णय बर्लिनच्या इतिहास संग्रहालयाने २०१९ मध्ये जाहीर केला.

पोर्तुगीजांना तेथे पाणी व धान्य मिळाले नाही, म्हणून ते राहिले नाहीत. पुढची चारशे वर्षे अंतर्भागातील लोक आपापल्या रीतीने नांदले. मध्यभागी हेरेरो हे गोपालक, दक्षिणेस नामा, उत्तरेस शेती करणारे ओवांबो आणि सर्वत्र विखुरलेले सान शिकारी. त्यांच्यात लढायाही होत. सारे गुण्यागोविंदाने राहत होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

या देशाच्या पुढील इतिहासाची सुरुवात एका खरेदीखताने झाली, आणि फायलींमध्ये आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास ते खरेदीखत विसरता येत नाही. ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी अडोल्फ ल्यूडरिट्स याच्या हस्तकाने १८८३ मध्ये बेथानीचा नामा नायक योझेफ फ्रेडरिक्स याच्याकडून आंग्रा पेक्वेना हे बंदर शंभर पौंड व दोनशे बंदुका देऊन घेतले. काही महिन्यांनी किनाऱ्याची वीस मैल रुंदीची पट्टी पाचशे पौंड व साठ बंदुकांना घेतली. खतात 'भौगोलिक मैल' असा शब्द होता. फ्रेडरिक्सला ठाऊक होता तो इंग्रजी मैल, सुमारे दीड किलोमीटरचा. जर्मन भौगोलिक मैल सुमारे साडेसात किलोमीटरांचा असतो. नायकाचा हा समज तसाच राहू द्यावा, असे ल्यूडरिट्सने हस्तकास लिहून कळविले होते. अशा रीतीने एका शब्दावर जमीन जवळजवळ पाचपट झाली. १८८४ च्या एप्रिलमध्ये बिस्मार्कने तिला जर्मन संरक्षण जाहीर केले आणि बंदराला ल्यूडरिट्सचे नाव मिळाले. तो स्वतः १८८६ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाकडून बोटीने परतताना समुद्रात नाहीसा झाला.

वॉल्विस बे हे चांगले बंदर इंग्रजांनी आधीच, १८७८ मध्ये, बळकावले होते. म्हणून जर्मनांनी १८९२ मध्ये त्याच्या उत्तरेस स्वाकोपमुंड वसविले. १८९७ मध्ये बुळकांडीच्या साथीने हेरेरोंची बहुतेक गुरे मेली. व्यापाऱ्यांनी उधारीच्या वसुलीसाठी उरलेली गुरे व जमिनी घेण्यास आरंभ केला. पाठोपाठ स्वाकोपमुंडहून विंडहुककडे रेल्वे आली. १२ जानेवारी १९०४ रोजी ओकाहांजा येथे उठावाची ठिणगी पडली. नायक सॅम्युएल महारेरो याने स्त्रिया, मुले, धर्मोपदेशक आणि जर्मनेतर गोरे यांना हात लावू नये, अशी आज्ञा दिली होती व ती पुष्कळशी पाळलीही गेली. तरी शंभराहून अधिक जर्मन मारले गेले, हेही सांगितले पाहिजे.

आता वॉटरबर्गकडे वळू. सपाट माळातून एकाएकी उठलेले तांबड्या खडकाचे हे पठार पाहून मला सह्याद्रीच्या कड्यांची आठवण झाली. पायथ्याशी झरे आहेत, गर्द झाडी आहे. १९०४ च्या हिवाळ्यात या झऱ्यांच्या आश्रयाने हेरेरो समाज गुरे, बायकामुले यांसह एकत्र जमला. जर्मनीहून नवा सेनापती आला, लोथार फॉन ट्रोथा. ११ ऑगस्ट रोजी त्याने तोफा व यंत्रबंदुकांनिशी चोहोंकडून हल्ला केला. वेढ्याची आग्नेय बाजू सर्वांत दुबळी होती. हेरेरो तेथून फुटून निघाले, आणि त्या बाजूस होते ओमाहेकेचे निर्जल वाळवंट. सैन्याने पाठलाग करून त्यांना आत लोटले व मागील पाणवठ्यांवर पहारे बसविले. २ ऑक्टोबरला फॉन ट्रोथाने लेखी आज्ञापत्र काढले. त्याचा आशय असा की, हेरेरोंनी हा देश सोडून जावे. जर्मन हद्दीत आढळणाऱ्या प्रत्येक हेरेरो पुरुषास, त्याच्याजवळ बंदूक असो वा नसो, गोळी घालण्यात येईल. स्त्रिया व मुले यांनाही थारा मिळणार नाही. डिसेंबरात बर्लिनहून ही आज्ञा मागे घेण्यात आली. तोवर ओमाहेकेत कोरडे खड्डे आणि त्यांभोवतीची प्रेते राहिली होती. ज्यांनी पाण्यासाठी ते खड्डे हातांनी उकरले होते, त्यांचीच ती प्रेते. युद्धापूर्वी हेरेरोंची संख्या अंदाजे ऐंशी हजार धरतात. १९११ च्या मोजणीत ती सुमारे पंधरा हजार भरली. महारेरो थोड्या लोकांसह वाळवंट ओलांडून बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोट्स्वानात, पोहोचला व तेथेच १९२३ मध्ये वारला.

वॉटरबर्गच्या विश्रामधामाजवळ त्या लढाईत पडलेल्या जर्मन सैनिकांची नीटस दफनभूमी आहे. प्रत्येक थडग्यावर नाव. मला घेऊन जाणारे वाहनचालक पन्नाशीचे हेरेरो गृहस्थ होते. त्यांच्या आजीची आई त्या वाटेने बेचुआनालँडला पायी गेली होती. त्यांनी ते आपणहून सांगितले नाही. परतीच्या वाटेवर, ओकाहांजा येथे महारेरोच्या समाधीपाशी गाडी थांबविली, तेव्हा मी विचारले म्हणून सांगितले. महारेरोचा देह १९२३ च्या ऑगस्टमध्ये तेथे आणून पुरण्यात आला आणि तेव्हापासून दरवर्षी हेरेरो लोक तेथे जमतात. स्त्रिया घोळदार लांब झगे व गाईच्या शिंगांच्या आकाराची शिरोवस्त्रे घालतात. झग्याची मूळ तऱ्हा जर्मन धर्मोपदेशकांच्या बायकांची, शिंगे आपल्या गुरांची. पुस्तिकेत अशा एका स्त्रीचे छायाचित्र होते व खाली 'रंगीबेरंगी पोशाख' एवढेच लिहिले होते.

हेरेरोंनंतर दक्षिणेतील नामा उठले. त्यांचा वृद्ध नायक हेंड्रिक विटबोई ऑक्टोबर १९०५ मध्ये लढताना पडला. त्याची पत्रे आज युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत आहेत आणि त्याचे चित्र नामिबियाच्या नोटांवर आहे. पकडलेल्या हेरेरो व नामा लोकांसाठी छावण्या उघडण्यात आल्या. त्यांतील सर्वांत भयंकर छावणी ल्यूडरिट्स बंदरासमोरील शार्क बेटावर होती. थंडगार वाऱ्याच्या त्या खडकावर १९०६ च्या सप्टेंबरात नेलेल्या १,७९५ नामा कैद्यांपैकी पुढील एप्रिलपर्यंत १,०३२ मेले, असा हिशेब एका जर्मन अधिकाऱ्यानेच दिलेला आहे. त्यांत कॉर्नेलियस फ्रेडरिक्स हा बेथानीच्या नामांचा पुढारी होता. ज्या बंदराचे खरेदीखत पंचवीसएक वर्षांपूर्वी बेथानीच्याच नायकाने करून दिले होते, त्याच्या समोर तो १९०७ च्या फेब्रुवारीत मेला. मृतांच्या कवट्या 'शास्त्रीय अभ्यासासाठी' जर्मनीस पाठविण्यात आल्या. त्यांतील काही २०११ पासून परत येऊ लागल्या. बेटावर पुढे सहलीच्या लोकांसाठी तंबू ठोकण्याची सोय करण्यात आली. मी ल्यूडरिट्सपर्यंत जाऊ शकलो नाही. परंतु पुस्तिकेत त्या तंबूंची शिफारस होती. छावणीचा उल्लेख नव्हता.

याच छावणीतील कैद्यांकडून ल्यूडरिट्सहून आत जाणाऱ्या रेल्वेचे काम करवून घेतले होते. त्या लोहमार्गावर वाऱ्याने येणारी वाळू सतत उपसावी लागे. १९०८ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ज्या वर्षी लोकमान्यांची मंडालेस रवानगी झाली त्याच वर्षी, वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला या आफ्रिकी मजुरास एक चमकता खडा सापडला. तो पूर्वी किंबर्लीच्या खाणीत राबलेला असल्याने त्याने हिरा ओळखला व प्रामाणिकपणे आपला वरिष्ठ आउगुस्ट स्टाउख याच्या हाती दिला. स्टाउख कोट्यधीश झाला. लेवालाचे पुढे काय झाले, याची इतिहासाने फिकीर केली नाही. त्या ठिकाणी कोलमन्सकॉप हे गाव उभे राहिले. भर वाळवंटात बर्फाचा कारखाना, नृत्यगृह, क्ष-किरणयंत्र असलेले रुग्णालय! १९०८ च्या सप्टेंबरात ऑरेंज नदीपासून उत्तरेकडे, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आतपर्यंतचा प्रदेश 'निषिद्ध' ठरविण्यात आला. पुढे दक्षिणेस अधिक मोठे हिरे मिळाले आणि १९५६ पर्यंत कोलमन्सकॉप ओस पडले. खोल्यांतून गुडघाभर वाळू साचलेली त्याची छायाचित्रे आज जगभर फिरतात. ते गाव 'भुतांचे' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि भुते कोणाची हे कोणी विचारीत नाही.

एटोशाचे अभयारण्य मी, हत्ती आपल्याकडेही आहेत असे म्हणून, वगळले. त्याचा आता पश्चात्ताप होतो. जर्मन गव्हर्नर फॉन लिंडेक्विस्ट याने १९०७ मध्ये ते राखीव केले. नामुटोनीचा पांढरा किल्ला तेथेच आहे. १९०४ च्या जानेवारीत ओवांबो योद्ध्यांनी त्यावर हल्ला केला तेव्हा आत सात जर्मन सैनिक होते. त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हायओम या सान शिकाऱ्यांना १९५४ मध्ये बाहेर काढण्यात आले. पशूंसाठी राखलेली भूमी तेव्हा खऱ्या अर्थाने निर्मनुष्य झाली.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी हा प्रदेश जिंकला. जर्मन राजवटीतील अत्याचारांचा साक्षीपुराव्यांसह अहवाल १९१८ मध्ये सरकारी 'निळे पुस्तक' म्हणून प्रसिद्ध झाला. हेतू सर्वस्वी निर्मळ नव्हता. वसाहत जर्मनीस परत मिळू नये, हा त्यामागचा डाव होता. पण साक्षी खऱ्या माणसांच्या होत्या. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने हा मुलूख विश्वस्त म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या हवाली केला आणि मग तेथील जर्मन व बोअर गोऱ्यांना परस्परांत सलोखा हवासा वाटू लागला. १९२६ मध्ये गोऱ्यांच्या विधिमंडळाने ठराव करून त्या पुस्तकाच्या प्रती नष्ट करविल्या. काही प्रती उरल्या, म्हणून आज आपण हे वाचू शकतो. शासकीय सेवेत कागद नष्ट करण्याचेही नियम असतात व मुदती असतात, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. परंतु साक्षीदार हयात असताना त्यांच्या जबान्या सलोख्यासाठी जाळाव्यात, असा नियम माझ्या वाचनात नाही.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो आणि त्याचा मला अभिमान वाटतो. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हा मुलूख आपल्यात विलीन करू द्यावा, अशी मागणी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवली. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. हंगामी सरकार नुकतेच आले होते. तरी विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने या मागणीस कसून विरोध केला आणि डिसेंबरमध्ये आमसभेने ती नाकारली. याच विजयालक्ष्मीबाई १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. हेरेरोंचे वृद्ध नायक होसेआ कुटाको यांना देशाबाहेर जाऊ दिले जात नव्हते, म्हणून पूर्वी काही काळ हिंदुस्थानात काम केलेले इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट यांनी १९४९ मध्ये त्यांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांत मांडले. पुढची कहाणी दीर्घ आहे. १९५९ च्या डिसेंबरात विंडहुकच्या जुन्या वस्तीत सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध जमलेल्यांवर गोळीबार झाला, १९६० मध्ये स्वापो ही संघटना निघाली, १९६६ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. १९८६ मध्ये स्वापोने आपला परदेशातील पहिला दूतावास नवी दिल्लीत उघडला. आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या, तेव्हा तेथील शांतिसेनेचे सेनापती होते भारतीय लेफ्टनंट जनरल देवान प्रेमचंद. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. वॉल्विस बे त्यास १९९४ मध्ये मिळाले. आपल्या मुलांना हा देश ठाऊक आहे तो २०२२ मध्ये कुनोच्या अरण्यात आलेल्या आठ चित्त्यांमुळे. त्यांना ही दुसरी हकीकतही सांगावी.

विंडहुकमध्ये छावणीच्या जागी १९१२ मध्ये एका जर्मन घोडेस्वाराचा पुतळा उभारला होता. तो २०१३ मध्ये नाताळच्या रात्री हलवून जुन्या किल्ल्याच्या आवारात ठेवण्यात आला. २०२१ मध्ये जर्मन सरकारने या हत्याकांडास नरसंहार म्हटले व तीस वर्षांत एक अब्ज दहा कोटी युरो देऊ केले. अनेक हेरेरो व नामा पुढाऱ्यांनी, आपणांस वाटाघाटींत घेतलेच नाही म्हणून, ते अमान्य केले. २०२५ पासून नामिबियात २८ मे हा दिवस त्या मृतांच्या स्मरणार्थ पाळला जातो. १९०७ मध्ये याच दिवशी छावण्या बंद करण्याचा हुकूम निघाला होता.

माझा शेवटचा मुक्काम स्वाकोपमुंडला होता. धुक्यात उभी असलेली उतरत्या छपरांची घरे, बेकरीतून येणारा पावाचा वास, समुद्राची गाज; नगर खरोखर रमणीय आहे. गावाच्या कडेला दफनभूमी आहे. एका बाजूस संगमरवरी शिळा, फुलझाडे, नावे आणि जन्ममृत्यूच्या तारखा. ती बाजू संपली की वाळूचे लहान लहान ढिगारे सुरू होतात. ओळीने, शेकड्यांनी, नजर पोहोचेल तेथवर, एकावरही नाव नाही. छावणीत आणि बंदराच्या कामावर मेलेली माणसे तेथे पुरलेली आहेत. वारा ते ढिगारे सपाट करीत राहतो. हेरेरो व नामा लोक अधूनमधून जमून फावड्यांनी ते पुन्हा वर ओढतात. आमच्याजवळ फावडे नव्हते. चालक गृहस्थांनी टोपी काढून खिशात ठेवली, खाली बसून दोन-तीन ढिगाऱ्यांची ढासळलेली वाळू दोन्ही हातांनी सारखी केली आणि हात झटकीत उठले. मग पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे आम्ही सूर्यास्त पाहण्यासाठी धक्क्यावर गेलो. धुके इतके दाट होते की सूर्य दिसला नाही.